सतरा : मुंबई इलाख्यातील मधल्या शाळेचा तक्ता वाचताना

१८८१-८२ या वर्षी मुंबई इलाख्यातील मधल्या शाळांत सुमारे ११,८५० विद्यार्थी शिकत होते. हंटर आयोगाच्या चौकशीच्या निमित्ताने त्यांची जातवार आणि धर्मवार मोजदाद झाली. ब्राह्मण ३,६३९, पारशी १,५२६, ख्रिस्ती १,४२९, मुसलमान ६८७, शेतकरी ६२४, ‘इतर जाती’ या मोघम सदराखाली ३,८२३, डोंगरी व आदिवासी जमातींचे ६, आणि ‘लो कास्ट’ या शीर्षकाखाली, म्हणजे ज्यांना त्या काळी अस्पृश्य व हलके मानले जाई त्यांच्यापैकी, १७. प्रस्तुत लेख या सतरा मुलांविषयी आहे, असे म्हटले तर ते पूर्णतः खरे ठरणार नाही. कारण त्यांची नावे, गावे, पुढील आयुष्ये यांपैकी काहीही तक्ता सांगत नाही. लेख आहे तो त्या रकान्याविषयी, आणि त्याच्या शेजारी जो दुसरा रकाना असावयास हवा होता पण बहुधा नसतो त्याविषयी. शाळेत कोण बसते हे एक तक्ता सांगतो, शाळेत कोण उत्तीर्ण होते हे दुसरा. हे दोन तक्ते गेली दीडशे वर्षे आपल्याकडे प्रायः वेगवेगळ्या पानांवर छापले जात आले आहेत.

मराठीच्या प्राध्यापकांनी आकड्यांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतील. आमचे उत्तर असे की तक्ता हाही एक मजकूरच असतो. त्याला कर्ता असतो, त्याची शब्दकळा असते, त्याचे मौनही असते. कथाकाव्याच्या वाचनात जी सावधगिरी आपण शिकवतो, तीच येथे वापरावयाची आहे.

प्रथम ‘मधली शाळा’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. त्या काळच्या मुंबई इलाख्यात मुलगा आधी मराठी इयत्ता करी, मग ज्याच्या घरी ऐपत वा आकांक्षा असेल तो इंग्रजी पहिलीत जाई. इंग्रजी पहिली ते तिसरी या वर्गांची मिळून मधली शाळा होई आणि इंग्रजी चौथीपासून सातवीपर्यंतचे हायस्कूल. जो इंग्रजीकडे वळत नसे तो मराठी शाळेतच राही, आणि पुढे व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाल्यास तलाठी किंवा मास्तर होण्याची आशा बाळगी. ‘फायनल पास’ या दोन शब्दांना खेड्यांत केवढे वजन होते ते आपल्या आजोबांच्या पिढीच्या आठवणींत अजून सापडते. म्हणजे मधली शाळा हा केवळ एक टप्पा नव्हता. ते वळण होते. एका वाटेने कचेरी, वकिली, कॉलेज. दुसऱ्या वाटेने तलाठ्याचे दप्तर किंवा पंतोजीची छडी. आणि जे दोहोंपैकी कुठेच पोहोचले नाहीत त्यांची वाट परत शेताकडे किंवा गावकीच्या कामाकडे. समाजाची फेररचना कशी होणार हे प्राथमिक शाळेच्या गर्दीवरून कळत नाही, कॉलेजच्या मूठभरांवरूनही कळत नाही. ते या वळणावर उभे राहिले की दिसते.

त्यासाठी वरील आकडे आडवे न वाचता उभे वाचावे लागतात. त्याच वर्षी प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी ६३,०७१ होते आणि ‘लो कास्ट’ सदरातील २,८६२. म्हणजे प्राथमिक शाळेतील सुमारे १७ ब्राह्मण विद्यार्थ्यांमागे एक मधल्या शाळेत दिसतो. ‘लो कास्ट’ सदरात हेच प्रमाण सुमारे १६८ मुलांमागे एक असे पडते. हायस्कुलात १,९७८ ब्राह्मण विद्यार्थी होते, एकूण पटाच्या शेकडा ४०. दुसऱ्या सदरात तेथे एकही नाव नाही. कॉलेजात निम्मे विद्यार्थी ब्राह्मण आणि दुसऱ्या सदरात पुन्हा शून्य. अर्थात ही एकाच वर्षाची छायाचित्रे आहेत. त्याच मुलांचा वर्षानुवर्षांचा माग त्यांत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय मुंबई इलाखा म्हणजे नुसते मराठी जिल्हे नव्हेत. त्यात गुजरात होता, कर्नाटकाचे जिल्हे होते, सिंध होता. परंतु एवढ्या सवलती देऊनही १७ आणि १६८ यांच्यातील अंतर बुजत नाही.

आणखी एक बाब येथे नमूद करावीशी वाटते. या तक्त्यात ‘शेतकरी’ हे सदर जातींच्या रांगेत बसवलेले आहे. ब्राह्मण ही जात, पारशी हा समाज, ख्रिस्ती हा धर्म आणि शेतकरी हा व्यवसाय. पण चौघांना एकाच मापाने मोजले आहे. इलाख्यातील बहुसंख्य माणसे ज्या कामावर जगत होती त्या कामाची ६२४ मुले, शेकडा सव्वापाच. आणि ३,८२३ ‘इतर जाती’ या पोत्यात कोण कोण भरले होते, ते पोते कधीच उघडले जात नाही. वर्गवारी करणाऱ्याला ज्यांच्यातील भेद महत्त्वाचे वाटतात त्यांना स्वतंत्र सदरे मिळतात. बाकीचे ‘इतर’ होतात. पुढील काळात ‘मध्यम वर्ग’, ‘मागास वर्ग’, ‘इतर मागास’ अशी जी नामावळी घडत गेली तिची बीजे अशा अहवालांच्या शीर्षकांत आहेत.

हा रकाना आला कुठून? सरकारला आपल्या शाळांतील जातींची चिंता फार आधीपासून होती. फक्त ती उलट्या दिशेची होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. मिशनऱ्यांना सर्वांत हलक्या मानलेल्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असा अनुभव येतो, हे ते मान्य करतात. आणि त्यामुळेच सावध राहिले पाहिजे, असे बजावतात. शिक्षण प्रथम त्या थरात रुजले तर ते वर सरकणार नाही आणि सरकारभोवती एक असा शिकलेला वर्ग तयार होईल की ज्याचा बाकीचा समाज तिरस्कार करील, ही त्यांची भीती. या युक्तिवादातील तिढा विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. मुले शिकू शकत नाहीत असे एल्फिन्स्टन म्हणत नाहीत. ती चांगली शिकतात म्हणून त्यांना अडवावे असे म्हणतात. गुणवत्ता आणि जात यांचा संबंध जोडणारे आपल्याकडील सर्वांत जुन्या सरकारी मजकुरांपैकी हा एक, आणि त्यात निकाल त्या मुलांच्या बाजूने लागलेला आहे! १८४० नंतरच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचा कारभार सर एर्स्किन पेरी यांच्या अध्यक्षतेखाली चालला, तेव्हाही वरच्या थरांना आधी शिकवावे, तेथून विद्या खाली झिरपेल, हेच सूत्र कायम होते.

ते सूत्र प्रत्यक्ष एका मुलाशी भिडले १८५६ साली, धारवाडला. एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला. फी भरण्याची तयारी होती, नियमात अडथळा नव्हता. प्रवेश मिळाला नाही. सरकारचे म्हणणे थोडक्यात असे की तत्त्व मुलाच्या बाजूने आहे हे खरे, परंतु एकाला घेतले तर बाकीचे निघून जातील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही. प्रकरण कलकत्त्यास आणि तेथून लंडनला गेले. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. धारवाडच्या त्या मुलाचे पुढे काय झाले हे इतिहास सांगत नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्या उत्तरामागचे अंकगणित : एक विरुद्ध उरलेले सर्व. शाळेचे ‘यश’ म्हणजे तिचा भरलेला पट, आणि त्या यशाच्या रक्षणासाठी पटावर कोण नको हे ठरवावयाचे. आज कोणी इतक्या स्वच्छ भाषेत बोलणार नाही. पण चांगल्या निकालाच्या शाळा आपल्या दारात कोणाला उभे करतात याची चौकशी केल्यास हे अंकगणित अगदीच कालबाह्य झालेले दिसत नाही.

आता दुसऱ्या तक्त्याकडे, निकालाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील खाजगी आणि मिशनच्या शाळांना मिळणारे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधलेले होते. ही कल्पना इंग्लंडातून आली. तेथे रॉबर्ट लो यांनी १८६२ च्या नियमावलीने ती रूढ केली होती. साहेब किंवा त्याचा डिपोटी यावयाचा, इयत्तावार मुले उभी करावयाची, वाचन, लेखन, गणित यांत किती उतरली ते मोजावयाचे आणि त्यानुसार ‘ग्रँट’ ठरवावयाची. ‘डिपोटी आला’ या बातमीने शाळेत उडणारी धांदल आपल्या जुन्या विनोदी लेखनाने पुष्कळ रंगवली आहे. त्या विनोदाच्या तळाशी असलेला हिशेब मात्र आपण फारसा पाहिलेला नाही. ज्या मुलाच्या उत्तीर्ण होण्यावर पैसे मिळतात त्या मुलावर मास्तर मेहनत घेणार. जो कधी येतो, कधी ढोरांमागे जातो, ज्याच्या घरी पाटी-पुस्तक नाही, तो डिपोटीपुढे उभा न राहिलेला बरा. निकालाची टक्केवारी काढताना छेदस्थानी कोण आहे याला सर्व महत्त्व असते, आणि छेदातून एखादे नाव वगळणे हे अंशात एखादे नाव वाढवण्यापेक्षा केव्हाही सोपे.

१८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले ते या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावे, अशी आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे. सारा आणि लोकल फंडाचा बोजा शेतकऱ्यावर, आणि त्या पैशातून शिकणार वरच्या थरांची मुले, हा त्यांचा मुख्य आरोप सर्वांना ठाऊक असतो. तो आरोप वरील तक्त्यातील ६२४ या आकड्याने किती नेमका सिद्ध होतो हे मात्र क्वचितच दाखवले जाते. पण निवेदनाचे मोल त्या आरोपापुरते नाही. मुले शाळेत का येत नाहीत, आली तर का टिकत नाहीत, याची कारणे जोतीराव शाळेबाहेर शोधतात : गुरे राखावयाची असतात, शेतावर हात कमी पडतात. आणि त्यावर उपाय म्हणून बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण, शिष्यवृत्त्या, सहामाही वा वार्षिक बक्षिसे मागतात. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत म्हणून ती व्यवहारात शाळेबाहेरच राहतात, हेही ते स्पष्ट सांगतात. शिक्षक कसा असावा याविषयी त्यांची अपेक्षा तर अशी की वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये. शाळेचा पट, शाळेचा निकाल आणि शाळेतला मास्तर या तीन गोष्टी एकाच वाक्यप्रवाहात आणणारा त्या काळातला दुसरा मराठी माणूस आम्हांला तरी आठवत नाही. आयोगाने ते ऐकून घेतले. सक्ती मात्र फार दूर राहिली. गोखल्यांचे १९११ चे माफक विधेयकसुद्धा पुढल्या वर्षी फेटाळले गेले.

ब्रिटिश मुलखात हे घोंगडे भिजत पडले असताना दोन संस्थानांनी ते उचलले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. जोतीरावांनी जेथे पूर्वग्रह तीव्र आहे तेथे निराळ्या शाळांची मागणी केली होती. सदतीस वर्षांनी शाहूंनी त्या निराळेपणाचा शेवट केला. हा विरोध नव्हे, एकाच प्रश्नाचे दोन काळांतले दोन टप्पे होत. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

सतरांच्या रकान्याकडे परत येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इंग्रजी पहिली म्हणजे नेमका तोच उंबरठा, जेथे अठरा वर्षांपूर्वी सबंध इलाख्यात मिळून सतरा मुले मोजली गेली होती. पुढे याच मुलाने त्या तक्त्याचे जे वाचन केले ते मराठी विचारविश्वात अपूर्व म्हणावे लागेल. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी दोन रकाने शेजारी ठेवले. एका बाजूला गळती : प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. दुसऱ्या बाजूला वर्गवारी : लोकसंख्येच्या दर हजारी प्राथमिक शाळेत पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मध्यम वर्ग ३८, मागास वर्ग १८. माध्यमिक शाळेत दर लाखी हेच आकडे ३,०००, ५००, १४० आणि १४ असे होतात. पायरी एक चढली की दरी किती रुंदावते ते या चार आकड्यांच्या दोन ओळींत दिसते. लोकसंख्येत जो वर्ग सर्वांत लहान तो शिक्षणात सर्वांत पुढे, हेही त्यांनी तेथेच दाखवले. दुसऱ्या वर्षी, मे १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी १८८१-८२ चा तो जुना तक्ता पुन्हा पुढे आणला, एल्फिन्स्टन यांचे टिपण आणि धारवाडचे प्रकरण त्याच्या जोडीला ठेवले आणि सरकारच्याच कागदांनी सरकारला जाब विचारला.

येथे एक विरोधाभास आहे. जातीचा रकाना राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी आखला. तो अपमानाचाही रकाना होता. शाळेत नाव घालताना मास्तराने सर्वांदेखत विचारलेली जात अनेकांना जन्मभर विसरता आली नाही. पण तो रकाना नसता तर सतरा हा आकडाही नसता, आणि सतरा हा आकडा नसता तर १९२८ चे ते निवेदन इतक्या धारेचे झाले नसते. जातीची नोंदच नको असे म्हणणाऱ्या सद्भावी मंडळींना आम्ही एवढेच विचारू इच्छितो की मग शून्य कोणाच्या वाट्याला आले ते कसे कळणार होते?

डॉ. आंबेडकरांनी ज्या ८२ मुलांचा उल्लेख केला त्यांना सरकारी भाषेत लौकरच एक नाव मिळाले. १९२९ च्या हारटॉग समितीने जे दोन इंग्रजी शब्द रूढ केले त्यांची मराठी रूपे ‘गळती’ आणि ‘स्थगन’ अशी झाली; मधेच शाळा सुटणे ती गळती, आणि नापास होऊन त्याच इयत्तेत राहणे ते स्थगन. मराठीच्या अभ्यासकाने या ‘गळती’पाशी घटकाभर थांबावे. गळते ते पाणी, गळते ते पान. गळणाऱ्याची इच्छा त्यात नसते आणि गळवणाराही कोणी नसतो; फार तर भांड्याला भोक असते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील ‘नाव कमी केले’ हा शेरा याच जातकुळीचा. कर्मणी प्रयोग आहे, आणि कर्ता अध्याहृत. नाव कोणी कमी केले? मास्तराने, बापाने, सावकाराने, दुष्काळाने? वाक्य सांगत नाही. शासनव्यवहारातील मराठीने कर्ता लपवण्याची जी हातोटी साधली आहे तिचे इतके लहान आणि इतके परिपूर्ण उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही.

तो लपलेला कर्ता १९७० नंतरच्या आत्मकथनांनी बाहेर ओढला. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) बाप मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, गावातील वजनदार माणसाच्या मध्यस्थीने तो परत जातो तेव्हा पाचवीच्या वर्गात नव्या, आपल्याहून लहान मुलांत बसतो, आणि तेही सकाळचे मळ्यातले काम उरकून. त्या मुलाच्या पहिल्या वर्षाचा निकाल रजिस्टरात एका शब्दात मावला असेल. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते, अशा घरच्या मुलाचे नाव कोणत्या गावच्या पटावर धरावयाचे, आणि कोणत्या गावच्या गळतीत? लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) वस्तीतली मुले आजारी पडतात तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले जाते. या पुस्तकांचे वाचन आपण वर्गात करतो ते बहुधा वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांच्या आधारे. ते चुकीचे नाही; पण ती पुस्तके शाळेच्या तक्त्यावरील भाष्येही आहेत. तक्त्याने ज्यांना एका आकड्यात मिटवले त्यांच्यापैकी काहींनी स्वतःची ओळ स्वतः लिहिली, असे आम्ही त्यांकडे पाहतो. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) यातले आधीचे.

स्वातंत्र्यानंतर पट झपाट्याने वाढला, हे निर्विवाद आहे. खेड्यातल्या सातवीच्या वर्गात आज ज्या समाजांची मुले बसतात त्यांच्या पणजोबांना ओसरीवर बसावे लागे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करावयाचे नाही असे ठरले. निकालाचा रकाना त्यामुळे जवळजवळ अर्थशून्य झाला. तो बाहेरच्यांनी भरावयास घेतला. ‘असर’च्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता आला, साधा भागाकार सुमारे ४४ टक्क्यांना. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा आणल्या. नापास करावे की करू नये हा वाद त्या काळात वृत्तपत्रांतून पुष्कळ रंगला; नापास कोण होतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

हे दोन रकाने कायद्याने एकत्र आणण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, म्हणून त्याचा थोडा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. २००२ च्या तेथील शिक्षणकायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, आणि प्रत्येक सरकारी शाळेचा निकाल वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजीचे अपुरे ज्ञान अशा गटांनुसार फोडून जाहीर करावयास लावला. सबंध शाळेच्या सरासरीआड एखादा गट लपू नये हा हेतू उत्तम होता. परंतु गट फार लहान असेल तर त्याचा हिशेब धरू नये अशीही सोय होती, आणि तो किमान आकडा ठरवण्याची मोकळीक राज्यांना होती. पुष्कळ राज्यांनी तो तीस, चाळीस किंवा त्याहूनही वर ठेवला. २०१५ साली त्या कायद्याची जागा दुसऱ्याने घेतली. त्या मापाने पाहिल्यास आमची सतरा मुले एकाच शाळेत असती तरीही हिशेबातून गळालीच असती.

आपल्याकडे जातीचा रकाना आता निराळ्याच कारणाने प्रकाशात आला आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जुनी नोंद जात पडताळणीत महत्त्वाचा पुरावा मानली जाते. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ या वर्षांच्या आधीचा कागद हवा असतो, आणि ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांच्यापाशी असा कागद बहुधा एकच असतो : आजोबा कधीतरी दोन-तीन इयत्ता शिकले त्या शाळेतला. ज्याचा आजोबा शाळेत गेलाच नाही त्याची अडचण वेगळी सांगावयास नको. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा गावोगावच्या शाळांची जीर्ण रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि लाखो नोंदी सापडल्या.

ही रजिस्टरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की त्यांत मुलाची सगळी हकिगत एकाच ओळीत असते. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, सोडण्याचे कारण, शेरा. जे दोन रकाने वरच्या कचेरीत गेल्यावर वेगळे होतात ते येथे, मास्तरच्या बोरूखाली, अजून एकत्र असतात. २०२३ साली मोडी जाणकारांचे बोट डावीकडच्या जातीच्या रकान्यावरून खाली सरकत होते. त्याच ओळीत उजवीकडे शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. बहुधा एक-दोन शब्द, कधी फक्त वरच्या ओळीखालचे ‘सदर’.